न मळलेली जर्सी

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचा संपादक म्हणजे पुण्याहून पीएच.डी. करायला आलेला एक उत्साही मुलगा. त्याचा परवा फोन आला. "काकू, सगळ्यांचे लेख सेमच आलेत हो. विमानातून उतरलो, बर्फ पडत होता, मग प्रमोशन, मग घर. तुमचा जॉब एकदम हटके होता ना? तेवढंच लिहा, प्लीज. आणि डेडलाइन संडे आहे."

तर हटके लिहिते. ऐंशीच्या दशकात दोन हिवाळे मी अमेरिकेतल्या एका व्यावसायिक सॉकर संघाचे कपडे धुतले. नुसते धुतले नाहीत. उसवलेलं शिवलं, पाठीवर नंबर लावले, बूट पुसले, मोज्यांच्या जोड्या जुळवल्या. हुद्दा होता 'इक्विपमेंट मॅनेजर'. आपल्या भाषेत परीट आणि शिंपी, एकाच खुर्चीत. मंडळात कुणी "वहिनी, तुम्ही काय करता?" असं विचारलं की मी "सॉकरमध्ये आहे" म्हणायचे आणि समोरच्याची भुवई वर जाताना बघायचे. ती मजा मी भरपूर लुटली.

संघाचं नाव लँटर्न्स. छातीवर रेल्वेतल्या गार्डाचा जुना कंदील. त्यामुळे आमच्या घरी संघाचं नाव कंदील. "अहो, आज कंदील जिंकले," मी घरी येऊन सांगायचे, आणि आमचे हे पेपरातून डोकं न काढता विचारायचे, "तेल पुरलं का?" हे इंजिनिअर. त्यांना क्रिकेटशिवाय खेळ माहीत नव्हता. मी मात्र कोल्हापूरची. उरलेला महाराष्ट्र बॅट-बॉल खेळायचा तेव्हा आमच्याकडे पेठापेठांत फुटबॉलवरून अबोला धरला जायचा. माझा थोरला भाऊ पेठेच्या संघात होता आणि वडील शिंपी होते. म्हणजे भावाचा चिखलाने माखलेला शर्ट धुणार मी, आणि त्यावर नंबर शिवणारही मीच. बाराव्या वर्षी पायमशीनवर आठाचा आकडा मी सुरकुती न पाडता शिवत असे. आठ हा सगळ्यात त्रासाचा आकडा, दोन्ही भोकं बाजूंनी ओढतात.

शिकागोपासून चार तासांवरच्या आमच्या शहरात हा संघ निघाला तेव्हा मी एका दुकानात पँटी आखूड करत होते. पेपरात जाहिरात आली आणि मी गेले. कोच मूळचा हंगेरीचा, मिशीवाला, पन्नाशीचा. त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच, सावकाश पण ठाम. त्यामुळे आमचं एकमेकांशी पहिल्या दिवसापासून जमलं. त्याने माझ्यापुढे एक शर्ट टाकला. कोपरावर रक्त. "हे कसं काढणार?"

"थंड पाणी आणि मीठ. गरम पाणी लावलंत तर जन्मभर राहील."

"सोमवारपासून या," तो म्हणाला. माझ्या बी.एस्सी.चं सर्टिफिकेट पिशवीतच राहिलं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हा मैदानातला सॉकर नव्हे, हिवाळ्यात बंद छपराखाली खेळायचा. जागा आइस हॉकीची. खाली खराखुरा बर्फ, त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर हिरवा गालिचा. एका बाजूला सहाच गडी. चारी बाजूंना लाकडी भिंत, वर काच. चेंडू भिंतीवर आपटून परत येतो, त्यामुळे खेळ थांबतच नाही, आणि गोल पोत्याने होतात. लोक पॉपकॉर्न खायचे विसरायचे.

माझ्या दृष्टीने मुख्य गोष्ट होती तो गालिचा. त्यावर माणूस घसरला की कातडी सोलून निघते आणि घासल्याच्या उष्णतेने गालिच्याचा हिरवा रंग कपड्यात शिरतो. त्या डागाशी माझं दोन वर्षं वैर होतं. व्हिनेगरमध्ये भिजवणं, मऊ ब्रश, पुन्हा व्हिनेगर. दहातले नऊ डाग मी काढायचे. दहावा कापडात वितळून बसायचा आणि कापडाचाच होऊन जायचा. तसा डाग राहिला की मला दिवसभर चैन पडत नसे.

खेळाडूंच्या तऱ्हा काय सांगू! एका ब्राझीलच्या पोराला मोज्यांना इस्त्री लागायची. इस्त्री करून दिली नाही तर तो मोजे हातात धरून असा उभा राहायचा की मलाच रडू यावं. एक आयरिश बचावपटू संघ जिंकत असेतोवर बनियन धुवू द्यायचा नाही. पहिल्या हिवाळ्यात आम्ही ओळीने पाच सामने जिंकलो, तेव्हा सगळा संघ हरण्यासाठी देवाची प्रार्थना करत होता. आणि आमचा गोलकीपर गोरान. युगोस्लाव्हियाचा, दारात उभा राहिला की खोलीत अंधार व्हावा एवढा. त्याला पांढरीच जर्सी लागे. संघाने सगळ्या गोलकीपरांना राखाडी दिली होती, पण गोरान म्हणाला, "राखाडी घालून मी मयताला जातो, मॅचला नाही." मग त्याला मी पांढरी शिवून दिली.

एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एकदा आम्ही बाहेरगावी खेळायला गेलो आणि आमच्या बॅगा भलत्याच विमानाने भलत्याच गावी गेल्या. सामन्याला तीन तास. मी दुकानातून निळे टी-शर्ट आणले आणि डॉक्टरच्या पेटीतल्या पांढऱ्या चिकटपट्टीने नंबर लावले. दिसायला छान दिसले. पण घाम आला तशी चिकटपट्टी सुटायला लागली. मध्यंतरानंतर गालिच्यावर आकडेच आकडे पडलेले. अकराचा एक झाला, चौदाचा चार झाला, आणि संघात चार नंबरचा एक गडी आधीच होता. पंचाने एका चार नंबरला ताकीद दिली आणि दुसऱ्या चार नंबरला बाहेर काढलं. प्रेक्षक हसून हसून लोळले. लीगकडून मात्र कडक पत्र आलं: यापुढे नंबर शिवलेलाच हवा, आणि यादीत ज्याचा जो नंबर तोच त्याच्या पाठीवर. कोचने ते पत्र माझ्या मशीनच्या वर भिंतीवर चिकटवलं. चिकटपट्टीनेच.

आता वॉलीकडे येते.

वॉली आमचा दुसरा गोलकीपर, नंबर बावीस. संघातले बाकीचे जगभरातून आलेले, हा एकटा त्याच शहरात जन्मलेला. वय तेहतीस. वडील टायरच्या कारखान्यात होते, ते गेलेले. हा काकांबरोबर घरांची छपरं घालायचा आणि रविवारी क्लबात खेळायचा. संघ निघाला तेव्हा चाचणीला गेला आणि निवडला गेला. गावाला आनंद झाला. पण गोरान होता ना! गोरान कधी आजारी पडायचा नाही, कधी थकायचा नाही. वॉली प्रत्येक सामन्याला जर्सी घालून बाकावर बसायचा, खेळाडू आत-बाहेर करायचे त्या भिंतीतल्या दाराची कडी उघडायचा, पाण्याच्या बाटल्या पुढे करायचा, आणि घरी जायचा.

पहिल्या सामन्यानंतर धुण्याच्या टोपलीत त्याची राखाडी जर्सी आली. मी बघितली, कोरी करकरीत. घडी घालून तशीच परत अडकवली. पुढच्या सामन्याला तो माझ्या खोलीच्या दारात आला.

"मिसेस पी, ही धुतलेली नाही."

"मळलेलीच नाही रे."

"मी मॅचला होतो ना?" तो म्हणाला. चिडून नाही, अगदी सरळ. "मग धुवा."

मला इतकी लाज वाटली! तेव्हापासून दोन हिवाळे ती न मळलेली जर्सी मी दर सामन्यानंतर धुतली. पहिली ती धुवायची, मग बाकीच्या.

त्याची आई प्रत्येक सामन्याला यायची. बाकाच्या बरोबर मागे, काचेला नाक लावून. गळ्यात स्वतः विणलेला स्कार्फ, त्यावर २२. सत्तरीच्या बाई. सगळे त्यांना रोझ म्हणायचे. मला ते तोंडावर जमेना, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना रोझमावशी म्हणायचे. त्या माझ्यासाठी खसखशीचा केक आणायच्या आणि मी त्यांना शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणलेला चिवडा द्यायचे. डोळ्यांत पाणी येईस्तोवर खायच्या. एकदा त्या मला म्हणाल्या, "वॉलीला खेळताना बघायचंय. जिंकू दे नाहीतर हरू दे. एकदा त्या जाळ्यासमोर उभा राहिलेला बघायचाय." मी म्हटलं, "दिसेल की." उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी बातमी आली की मालकाला संघ चालवायचा नाही. रविवारचा सामना शेवटचा. मी घरी येऊन सांगितलं, "अहो, कंदील विझणार." त्या दिवशी ह्यांनी तेलाचं विचारलं नाही. पेपर बाजूला ठेवला आणि चहा करून दिला.

दुसऱ्या दिवशी मी कोचकडे गेले. "वॉलीला पाच मिनिटं तरी खेळवा."

कोचने मिशी चोळली. "मिसेस पी, पोरगा चांगला आहे. पण शेवटची मॅच आहे. मी इथून हरून जाणार नाही. गोरान पूर्ण खेळेल."

त्याचंही चुकत नव्हतं. दोन वर्षं त्या माणसाने जीव ओतला होता. जाताना एक विजय त्याला हवा होता, तोही हक्काचा. मी खोलीत येऊन मोजे जुळवत बसले. चार जोड्या चुकवल्या.

त्याच आठवड्यात सगळे जादा कपडे चाहत्यांना आठवण म्हणून वाटून टाकले. उरले फक्त अंगावर घालायचे. आणि त्याच आठवड्यात सरावात गोरानचं कोपर सुजलं. डॉक्टर बर्फ लावत होता. गोरान माझ्याकडे आला. "तुमच्याकडे काहीतरी पिवळं औषध आहे म्हणे?" मी घरून हळद आणि तुरटीचा लेप गरम करून नेला आणि फडक्याने बांधला. दोन दिवसांत सूज उतरली. गोरान सगळ्यांना कोपर दाखवत फिरत होता आणि मी फुशारून गेले होते.

ते हळदीचं फडकं गोरानने सोडलं आणि पांढऱ्या जर्सीत गुंडाळून माझ्या टोपलीत टाकलं. टोपली उलटी करायची, प्रत्येक कपडा झटकायचा, मगच मशीन लावायचं, हा माझाच नियम. शेवटच्या रविवारी सकाळी तो मीच मोडला. डोळे भरून येत होते, खरं सांगते. ओंजळभर कपडे उचलले, कोंबले, गरम पाणी आणि कडक साबण. हळदीला साबण लागला की काय होतं हे आपल्यापैकी प्रत्येक बाईला ठाऊक आहे. जर्सी कुंकवासारखी लाल निघाली. मी घाबरून व्हिनेगरमध्ये बुडवली, तर लख्ख पिवळी झाली. हळद उन्हात उडते, पण मार्चमध्ये आमच्याकडे ऊन कुठलं?

गोरान हसत सुटला. "छान! आता मी खरा कंदील." मीही हसले. आमचा संघ निळा, गोलकीपर पिवळा, बिघडलं काय? वाळवली, त्याने घातली.

सामना दुपारी दोनचा. पावणेदोनला पंच कपडे बघायला आला. गोलकीपरचा रंग दोन्ही संघांपेक्षा वेगळा हवा, हा नियम. त्याने गोरानकडे बघितलं आणि मान हलवली. पाहुणा संघ पिवळ्या कपड्यांत आला होता.

कोच माझ्या खोलीत धावत आला. मागे गोरान, आणि दारात, हातात पाण्याच्या बाटल्या घेतलेला वॉली.

"दुसरी जर्सी?"

"वाटून टाकल्या सगळ्या. एकच आहे. वॉलीच्या अंगावरची."

"ती काढा, बावीस उसवा, गोरानचा एक नंबर लावा. गोरान घालेल. घट्ट होईल, होऊ दे." त्याने भिंतीवरच्या पत्राकडे बघितलं. "चिकटपट्टी नको. किती वेळ लागेल?"

खरं उत्तर होतं दहा मिनिटं. कात्री माझ्या गळ्यात होती, कापलेला एकाचा आकडा खणात होता. एक हा सगळ्यात सोपा आकडा, चार सरळ शिवणी. वॉलीने तोवर बाटल्या खाली ठेवल्या होत्या आणि न सांगताच जर्सी डोक्यावरून काढायला लागला होता. जर्सीत अडकलेलं त्याचं डोकं आणि वर गेलेले दोन हात मला दिसत होते.

"चाळीस मिनिटं," मी म्हणाले.

आयुष्यात कामाच्या बाबतीत मी एवढंच एक खोटं बोलले. वडिलांच्या दुकानात गिऱ्हाइकाला उद्या देतो म्हणून परवा द्यायची पद्धत नव्हती, मलाही नव्हती. माझे कान तापले. कोच हंगेरियन भाषेत काहीतरी बोलला, ते आशीर्वाद नक्कीच नव्हते. मग वॉलीकडे वळून म्हणाला, "परत घाल."

गोरानने स्वतःचे हातमोजे काढून वॉलीच्या छातीवर आपटले. "हे घे. तुझे फार नवे आहेत, चेंडू निसटेल."

मी कधी सामना बघत नसे, खोलीत काम असायचं. त्या दिवशी खेळाडू मैदानात उतरतात त्या बोगद्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. माईकवरून "गोलकीपर, नंबर बावीस" असं ऐकू आलं. सगळं गाव उठून उभं राहिलं. काचेपाशी रोझमावशी दोन्ही हात तोंडावर ठेवून उभ्या होत्या.

पहिलाच चेंडू वॉलीच्या दोन पायांमधून गोलात गेला. पहिल्या मिनिटात! काय करून बसले मी? याची आयुष्यभराची हौस आणि याच्या आईची, आणि कोचचा शेवटचा सामना, सगळं एका थापेने बुडवलं. दुसराही गोल गेला. कोचने माझ्याकडे वळून बघितलं आणि मी खांबाआड झाले.

मग एक चेंडू भिंतीवर आपटून वेडावाकडा आला आणि वॉलीने आडवी उडी घेतली. छपरावरून घसरताना माणूस जशी कौलं पकडेल तसा त्याने तो पकडला आणि गालिच्यावर दहा फूट घसरत गेला. उठला, चेंडू फेकला, आणि त्यानंतर तो वेगळाच माणूस झाला. ओरडत होता, बचावपटूंना शिव्या देत होता, कोपराने, गुडघ्याने, एकदा चक्क कपाळाने चेंडू अडवत होता. मध्यंतराला आम्ही एका गोलने पुढे होतो. कोच माझ्या खोलीवरून गेला आणि त्याने नंबराचं विचारलं नाही. मशीनकडे बघितलं, वॉलीकडे बघितलं, आणि म्हणाला, "चालू दे."

हरलो आम्ही. सहा-पाच, अगदी शेवटच्या मिनिटाला. पण लोक घरी जाईनात. हरलेल्या संघाला एवढा वेळ टाळ्या वाजवताना मी तेव्हाच बघितलं. गोरानने वॉलीला उचलून काचेपाशी नेलं आणि आईने काचेवर आतून, वॉलीने बाहेरून हात ठेवला. आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं, हे तुम्ही ठरवा. मी रडत होते आणि हसतही होते.

कोचने मात्र टोपी घातली आणि तो निघून गेला. तेवढं मला अजून टोचतं. पुढे कित्येक वर्षं नाताळला त्याचं कार्ड यायचं. उत्तरात खरं लिहावं असं दर वेळी वाटायचं आणि मी हवापाणी लिहायचे. आता तो नाही. इथे लिहिते आहे: कोच, दहा मिनिटंच लागली असती. तुमचा शेवटचा विजय मी घालवला, आणि पुन्हा विचारलंत तर पुन्हा चाळीसच म्हणेन.

सोमवारी मी शेवटचं धुणं काढलं. सवयीप्रमाणे पहिली बावीस नंबर. कोपरापासून कमरेपर्यंत हिरवा पट्टा, मधे थोडं रक्त. रक्त थंड पाण्याने गेलं. हिरवा नाही. व्हिनेगर, ब्रश, पुन्हा व्हिनेगर. तीनदा धुतलं. तो दहावा डाग होता. आणि आयुष्यात पहिल्यांदा डाग निघाला नाही म्हणून मला आनंद झाला.

दुपारी वॉली जर्सी न्यायला आला. मी ती उलगडून दाखवली. "निघाला नाही रे."

त्याने तो पट्टा वरपासून खालपर्यंत बघितला. मग मी घालते तशीच नीट घडी घातली. "मिसेस पी, आता ही पुन्हा धुवायची नाही."

खिडकीतून मला त्याची गाडी दिसत होती. रोझमावशी पुढच्या सीटवर बसल्या होत्या. त्याने जर्सी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती मांडीवर पसरली, चष्मा लावला, आणि डाग सापडल्यावर त्यावर हात ठेवला. गाडी वळून दिसेनाशी झाली, तोवर त्यांनी तो हात काढला नव्हता.